दोघांची आपत्कालीन तयारी : या चुका टाळा

बहुतेक घरांत ही तयारी एकाच्याच डोक्यात असते. ज्याला हौस तो यादी करतो, बॅग भरतो, कपाटावर ठेवतो; दुसरा ‘बरं झालं’ म्हणून मोकळा. मग नेमकी वेळ येते तेव्हा हौशी माणूस घरात नसतो. म्हणून आधी एक परीक्षा घ्या. ज्याने बॅग भरली नाही त्याने ती अंधारात चाचपडत शोधायची. मग विजेचा मेन स्विच, पाण्याचा मुख्य कॉक आणि गॅसचा व्हॉल्व्ह कुठे आहे, कोणत्या बाजूला फिरवायचा, ते दाखवायचं. (खरंच गॅसचा वास आला, तर विजेच्या एकाही बटणाला हात लावू नका. सरळ बाहेर पडा.)

दुसरी चूक म्हणजे ‘फोन करू की!’ संकटात सगळेच एकदम फोन लावतात आणि लाइन जाम होते. साधा एसएमएस त्यातूनही पोहोचण्याची शक्यता जास्त. एकमेकांचे नंबर पाठ आहेत का? बॅटरी संपली की कॉन्टॅक्ट लिस्टचा उपयोग शून्य. परगावच्या एका नातेवाइकाला मधला निरोप्या नेमा, दोघांनीही खुशाली त्यालाच कळवायची. भेटायच्या जागा दोन ठरवा, एक घराच्या अगदी बाहेर, दुसरी वस्तीपासून लांब. तिथे किती वेळ वाट पाहायची हेही ठरवा, नाहीतर एकमेकांना शोधत दोघंही भलतीकडेच फिरत राहतील.

पाण्याचा हिशेब हमखास चुकतो. माणशी दिवसाला सुमारे 4 लिटर धरा, म्हणजे दोघांना 3 दिवसांसाठी 24 लिटर. ते एकाच कॅनमध्ये भरलंत तर उचलणार कोण? छोटे कॅन घ्या.

खरेदीची घाई नको. महागडं तयार किट आणून पहिलं भांडण ओढवून घेण्यात काय अर्थ आहे? घरात टॉर्च, पॉवर बँक, प्रथमोपचाराचं सामान असतंच, ते आधी एका जागी आणा. खाण्याचे पदार्थ दोघंही एरवी खातात तेच ठेवा. डबाबंद अन्न असेल तर डबा उघडायचं साधन सोबत हवं, हे फार जण विसरतात. टॉर्चमध्ये सेल घालून ठेवू नका, ते पाझरतात. बॅग मात्र प्रत्येकाची वेगळी. तिच्यात स्वतःची औषधं, जादा चष्मा, सुट्टे पैसे, कागदपत्रांच्या प्रती.

एकाला हे सगळं उगाच वाटत असेल, तर भूकंप-पुराचे व्हिडिओ दाखवून घाबरवू नका. त्याने माणूस आणखी टाळाटाळ करतो. एखाद्या संध्याकाळी ठरवून दोन तास मेन स्विच बंद ठेवा. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण 4 तास टिकतो, त्यामुळे नुकसान काही नाही. काय काय सापडत नाही, ते दोघांनी मिळून लिहून काढा.

दर सहा महिन्यांनी पाणी बदलायचं आणि औषधांच्या तारखा तपासायच्या. पॉवर बँक त्याहून लवकर, दर तीन महिन्यांनी चार्ज करायची. रिमाइंडर दोघांच्याही फोनमध्ये लावा, काम मात्र आलटूनपालटून.