ट्रॅव्हल रूलसाठी प्रोटोकॉल निवडताय? या चुका टाळा

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याकडची काही पोरं आता तालुक्याच्या गावात बसून पुण्या-मुंबईच्या क्रिप्टो कंपन्यांचं काम करतात. कोणी केवायसी तपासतो, कोणी कोड लिहितो. अशा टीमवर कधी ना कधी एक काम येऊन पडतंच: ट्रॅव्हल रूलसाठी प्रोटोकॉल सुचवा. हे त्यांच्यासाठी.

नियम थोडक्यात असा. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे क्रिप्टो जाताना पाठवणारा कोण आणि घेणारा कोण, ही माहितीही सोबत गेली पाहिजे. बँकांसाठीचा हा नियम एफएटीएफ या काळा पैसा रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जून २०१९ मध्ये क्रिप्टो व्यवसायांना लावला. आपल्याकडे ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने हे व्यवसाय पीएमएलए, म्हणजे मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले, त्यांना एफआययू-इंडिया या केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. ब्लॉकचेनवर नाव-पत्ता जात नाही, म्हणून तो निरोप वेगळ्या वाटेने पाठवायचा. प्रोटोकॉल लागतो तो त्यासाठी.

फॉर्मलाच टपाल समजणं

तुलनेच्या तक्त्यात ट्रिसा, टीआरपी आणि आयव्हीएमएस १०१ एका रांगेत मांडलेले दिसले की समजावं, तक्ता घाईत झालाय. आयव्हीएमएस १०१ हा नुसता फॉर्म आहे: कोणत्या खान्यात काय लिहायचं, एवढंच तो सांगतो. तो फॉर्म समोरच्या कंपनीपर्यंत कसा न्यायचा, ते ट्रिसा किंवा टीआरपी ठरवतात. ‘आम्ही आयव्हीएमएस वापरतो’ असं विक्रेता म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारा: पोचवता कशाने, आणि कोणाकोणापर्यंत?

डेमो पाहून भुलणं

डेमोत सगळेच प्रोटोकॉल चालतात. खरा प्रश्न, तुमच्या ग्राहकांचे पैसे जातात त्या कंपन्या कोणत्या जाळ्यात आहेत? दक्षिण कोरियात मार्च २०२२ मध्ये नियम लागू झाला, तेव्हा मोठ्या एक्स्चेंजांची दोन जाळी होती, व्हेरिफायव्हास्प आणि कोड. ती एकमेकांना जोडलेली नव्हती. एका जाळ्यातून दुसऱ्यात पैसे पाठवणाऱ्यांची काही आठवडे अडचण झाली. तंत्र दोन्हीकडे ठीकच होतं.

म्हणून आधी मागच्या काही महिन्यांची विथड्रॉवलची, म्हणजे बाहेर गेलेल्या क्रिप्टोची, नोंद काढा. कोणत्या कंपनीकडे किती व्यवहार गेले ते लावा आणि वरच्या पाच-दहा कंपन्यांना सरळ ईमेल करून विचारा की तुम्ही निरोप कशावर घेता. एवढं केलं की निम्मे पर्याय आपोआप गळतात. उरलेल्यांत एकाने भागत नसेल तर दोन घ्या, किंवा अनेक प्रोटोकॉल बोलणारी मधली सेवा घ्या. ती महाग पडते, पण छोट्या टीमला दोन सर्व्हर सांभाळण्यापेक्षा परवडते असं माझं मत.

इथे एक गाठ आहे. नुसता वॉलेटचा पत्ता पाहून तो कोणत्या कंपनीचा, हे खात्रीने कळत नाही. टीआरपीमध्ये घेणाऱ्याची कंपनी त्याला ‘ट्रॅव्हल ॲड्रेस’ देते, त्यातच निरोप कुठे पाठवायचा ते असतं. ट्रिसात नोंदणीकृत सदस्यांची डिरेक्टरी आहे, पण ग्राहकाने कंपनीचं नाव बरोबर सांगितलं तरच ती कामी येते. ग्राहकाला यादीतून नाव निवडायला लावलंत, तर ‘माहीत नाही’ हाही पर्याय ठेवा. नाहीतर तो पहिलं दिसेल ते दाबतो आणि निरोप भलतीकडे जातो.

गावाच्या पत्त्याला शहरी साचा

बरेच निरोप इथे अडकतात, आणि तक्त्यात याचा रकानाच नसतो.

आयव्हीएमएसमध्ये पत्ता दोन पद्धतींनी देता येतो. एक, रस्त्याचं नाव आणि सोबत इमारतीचं नाव किंवा क्रमांक. दोन, मोकळ्या ओळी. बरेच जण पहिली पद्धत कोडमध्ये सक्तीची करून ठेवतात. मग मु. एका गावाचा आणि पो. दुसऱ्या गावचं, असा दारव्हा तालुक्यातला पत्ता आला की फॉर्म अडतो. ग्राहकाला फोन करावा तर तो म्हणतो, ‘साहेब, आमच्या घराले नंबर कुठचा? मारुतीच्या पारापाशी विचारा, कोणीबी सांगते.’ ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर मालमत्ता क्रमांक असतो म्हणा, पण आधारवर तो बहुधा नसतो. अशा वेळी केवायसीवाले रस्त्याच्या खान्यात ‘एनए’ भरून मोकळे होतात आणि समोरची यंत्रणा तो निरोप परत फेकते.

उपाय सोपा आहे. पत्ता मोकळ्या ओळींतच पाठवा. गाव शहराच्या खान्यात, जिल्हा त्याच्या स्वतंत्र खान्यात, राज्य आणि पिन आपापल्या जागी. तालुक्याला खानाच नाही, तो ओळीत लिहा.

नावाचंही तसंच. आडनाव मुख्य खान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव दुसऱ्यात. आधारवर नुसतं ‘कमलाबाई’ असेल तर ते मुख्य खान्यात टाका आणि दुसरा रिकामा ठेवा. आडनाव मनाने जोडू नका. देवनागरी नावासाठी वेगळा खाना आहे, तो वापरा. जुळणी अक्षरशः ठेवली तर वानखडे आणि वानखेडे, गजानन आणि गजाननराव ही वेगळी माणसं ठरतात. थोडा फरक असलेली नावं माणसाकडे तपासायला जाऊ द्या. प्रोटोकॉल निवडताना अशी दहा-वीस खरी वळणं असलेली बनावट नावं-पत्ते बनवा आणि चाचणीत तीच पाठवा.

रकमेची मर्यादा कोडमध्ये पक्की करणं

ही माहिती किती रकमेपासून पाठवायची, याची एफएटीएफची मर्यादा १,००० डॉलर किंवा युरो, अमेरिकेची ३,००० डॉलर, तर युरोपीय संघात ३० डिसेंबर २०२४ पासून कंपनी ते कंपनी व्यवहाराला किमान मर्यादाच नाही. आकडा सेटिंगमध्ये ठेवा आणि माहिती प्रत्येक व्यवहाराची घ्या.

आधी नाणं, मग निरोप

निरोप व्यवहाराच्या आधी किंवा सोबत गेला पाहिजे. दिवस संपल्यावर एकदम सगळे पाठवू म्हटलं तर चालत नाही. समोरून उत्तर आलंच नाही तर व्यवहार किती वेळ थांबवायचा, कोणी सोडायचा, हे आधी लिहून ठेवा. समोर कंपनीच नसून ग्राहकाचं स्वतःचं वॉलेट असेल, तर कोणताही प्रोटोकॉल उपयोगाचा नाही. तिथे वॉलेटमधून सही करून घेणं किंवा छोटी ठरावीक रक्कम मागवून मालकी पडताळणं, असे मार्ग वापरतात.

किल्ली फेकून देणं

ट्रिसात निरोप घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद होऊन येतो आणि तसाच साठवता येतो. तो उघडते घेणाऱ्याची खाजगी किल्ली. या किल्ल्यांच्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली की नवं घेतात आणि जुनी खाजगी किल्ली साफसफाईत उडवतात. त्या क्षणी त्या किल्लीने बंद झालेले सगळे जुने निरोप वाचता येईनासे होतात. पीएमएलएखाली नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही केवायसी आणि व्यवहारांच्या नोंदींना तेवढीच मुदत आहे. जुन्या किल्ल्या सुरक्षित जागी, तारखेसह ठेवा आणि वर्षातून एकदा एखादा जुना निरोप उघडून बघा. उघडला नाही तर बॅकअपमधली किल्ली कोणत्या प्रमाणपत्राची होती तिथून शोधायला लागा.