सीमेपलीकडच्या शेजाऱ्यांबरोबर काम सुरू करायचंय? आधी नाक्यावर बसा

परिषद भरवू नका. निदान आधी तरी नको. हारतुरे, फोटो, सामंजस्य करार आणि वर्षभरात फायलीवर धूळ. सीमेलगतच्या दोन जिल्ह्यांत समन्वयाचं काम करताना हे मी तीनदा पाहिलंय. त्यातली एक परिषद माझीच होती.

त्याऐवजी वही घ्या आणि आठवडाभर नाक्यावर बसा. कोण पलीकडे जातं, कशासाठी, कुठे अडकतं, एवढंच लिहा. माझ्या वहीत पहिल्याच दिवशी टोमॅटोचा ट्रक आला. कागद चोख. पण शिक्का बसायच्या आत इकडची जेवणाची सुट्टी लागली. ती संपल्यावर ट्रक पलीकडे पोचला, तर तिकडची सुरू! दोन्हीकडची घड्याळं अर्ध्या तासाने पुढेमागे. खालच्या क्रेटमधून रस ठिबकायला लागला होता. आमचा पहिला करार झाला तो या सुट्टीचा. अर्ध्या पानाचा, राजधानीला न विचारता.

हेच मोठ्या प्रमाणावर झांबिया आणि झिंबाब्वेने चिरुंडू या त्यांच्या सीमेवरच्या नाक्यावर केलं, २००९ मध्ये. झांबियात शिरणारा ट्रक आता एकदाच, झांबियाच्याच बाजूला थांबतो. झिंबाब्वेचे अधिकारी तिथे बसून आपले कागद उरकतात. अर्थात, आपल्या अधिकाऱ्याला परक्या जमिनीवर शिक्का मारू द्यायचा तर कायदा लागतो. ते जिल्ह्याच्या हातात नाही, त्यामुळे सुरुवात तिथून करू नका.

मग जोडीदार शोधा, आणि पहिल्याच भेटीत विचारा: ‘तुम्ही स्वतः कशावर सही करू शकता?’ एकीकडचा नगराध्यक्ष लगेच सही करतो, दुसरीकडच्याला मंत्रालयाची परवानगी लागते. हे उशिरा कळलं की एक हंगाम गेलाच म्हणून समजा.

पैशाचं आधी बोला. पिरेनीज पर्वतातल्या पुइगसेर्दा गावात, स्पेनच्या हद्दीत, २०१४ पासून दोन देशांचं मिळून एक रुग्णालय चालतं. वाटा ठरलेला: स्पेनचा कॅटलोनिया प्रांत ६० टक्के, फ्रान्स ४०. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमामुळे अशा संयुक्त संस्थेला कायदेशीर अस्तित्व मिळतं, म्हणजे ती स्वतःच्या नावावर माणसं नेमू शकते. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर खर्च कोण करणार आणि हिशेब कोण ठेवणार, हे नावानिशी लिहून घ्या. आणि बारीक प्रश्न विचारायला लाजू नका. बाळ पलीकडे जन्मलं तर दाखला कोण देणार?

व्यापार वाढवायचा असेल तर छोटा बाजार बरा. भारत-बांगलादेश सीमेवर मेघालयात कलाईचरला २०११ मध्ये सीमा हाट सुरू झाला, तो आसपासच्या गावकऱ्यांसाठी. व्यवहार रुपयांत किंवा बांगलादेशी टाका या चलनात, खरेदीला मर्यादा, माल स्थानिक. मर्यादा जाचक वाटते खरी, पण तिच्यामुळेच मोठा व्यापारी गावकऱ्याची जागा खात नाही. मला तरी हे पटतं.

शेवटी एक यादी करा, दोन्ही भाषांत, कागदावर: नाक्याचा प्रमुख, पशुवैद्यक, रुग्णवाहिका, बाजार समिती. पदाबरोबर माणसाचं नाव आणि त्याचा स्वतःचा नंबर. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून बघा. बदल्या होत राहतात, आणि सीमा अचानक बंद होते ती नेमकी रात्रीच.