माडाला भुंगा लागलाय, पण कोणता?

माडाला भोक दिसलं की सरसकट "भुंगा लागला" म्हणतात. पण गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा यांचे उपाय वेगळे, म्हणून औषध आणण्याआधी पाच मिनिटं माडाखाली थांबा.

१. वर बघा. नवी झावळी कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी उघडली असेल आणि शेंड्याजवळच्या भोकातून चघळलेला भुसा बाहेर आला असेल, तर तो गेंड्या. भुंगा काळा, डोक्यावर शिंग.

२. खोड बघा. भोकातून तांबूस-तपकिरी चिकट रस ओघळतोय, कान लावला की आत कुरतडल्याचा आवाज येतोय, तर सोंड्या. हा तांबडा, लांब सोंडेचा.

३. अळी सापडली तर पाय शोधा. गेंड्याच्या अळीला डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या असतात आणि ती शेणखतात किंवा कुजक्या ओंडक्यात वाढते. सोंड्याची अळी बिनपायाची, ती थेट खोडातच मिळते.

गेंड्या असेल तर तारेच्या आकड्याने भुंगा ओढून काढा, कोंबाला मात्र धक्का लावू नका. वरच्या झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू भरा, खताचा खड्डा उपसून अळ्या वेचा. सोंड्या असेल तर थांबू नका, त्याच दिवशी सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) दाखवा. सोंड्याची अळी आतून माड पोखरते, शेंडा कलंडेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

एक जपा: हिरवी झावळी खोडालगत तोडू नका, तीन-चार फूट देठ ठेवा. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या येतो, गेंड्याने पाडलेल्या भोकातही तो अंडी घालतो.