वहाळावरचा बंधारा यंदा गळला नाही

मोहन धारियांच्या ‘वनराई’ संस्थेमुळे ज्याला वनराई बंधारा म्हणतात, तो मातीने भरलेल्या पोत्यांचा बंधारा आमच्या वाडीने गेल्या वर्षी वहाळावर, म्हणजे ओढ्यावर, श्रमदानातून घातला आणि १५ दिवसांत पाणी खालून निघून गेलं. फेब्रुवारीतच विहिरींनी तळ गाठला. फार जिवाला लागलं.

यंदा पाऊस ओसरल्यावर, वहाळ वाहता असतानाच, आधी तळ तपासला. पहार घातली तर हातभर वाळू! म्हणजे आमच्या पिशव्या वाळूवरच बसल्या होत्या. ती उपसून कातळापर्यंत चर खणला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, पण गच्च नाही. थोडी सैल ठेवली की पोती एकमेकांवर नीट बसतात. तोंडं शिवून, विटांसारखे सांधे मोडत दोन भिंती रचल्या. मधल्या फटीत चिकणमाती ओली करून पायांनी तुडवली. हे काम वाडीतल्या बायकांनी केलं, आणि खरं सांगते, पाणी त्या मातीनेच धरलं. दोन्ही टोकं काठात हातभर आत घुसवली.

आता मार्च सरत आला, विहिरीत अजून पुरुषभर पाणी आहे. पावसाआधी पोती काढायची, त्याचाही दिवस ठरलाय.