एमबीएला अर्ज कधी करायचा? वेळेच्या या चुका टाळा

जुलैच्या शेवटी कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षेची, जाहिरात पेपरात येते आणि मित्रांच्या ग्रुपवर तोच जुना संवाद सुरू होतो. "यंदा भरतोयस का?" "भरून ठेवतो रे, मग बघू." हे 'बघू' नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत, म्हणजे थेट पेपरच्या दिवसापर्यंत चालतं. परीक्षा आहे म्हणून अर्ज, असा उलटा हिशेब झाला की पुढचं बरंच काही बिनसतं. कॉलेजं बघतात ती तुमची फाइल, आणि ती अर्जाच्या दिवशी जिथे असेल तिथेच थांबते. अनेक आयआयएम कामाचा अनुभव कॅटच्या वर्षातल्या जुलैअखेरपर्यंतचाच धरतात. ऑगस्टमध्ये मिळालेली बढती मुलाखतीत सांगता येते, पण शॉर्टलिस्टच्या गुणांमध्ये तिचं नाव नसतं. पदवीआधीची इंटर्नशिपही सहसा अनुभवात मोजत नाहीत.

"दोन वर्षं नोकरी केली की प्रोफाइल आपोआप सुधारतं"

आपोआप काही सुधारत नाही. हिंजवडीत सपोर्ट प्रोजेक्टवर तीन वर्षं रात्रपाळीत तिकिटं बंद करणाऱ्या मुलाला पॅनेल विचारतं, "पहिल्या वर्षात आणि तिसऱ्या वर्षात तुमच्या कामात काय फरक पडला?" तो गप्प बसतो. अनुभव छत्तीस महिन्यांचा, पण सांगण्यासारखं सहा महिन्यांचंच. त्याच कंपनीत दुसरी मुलगी वर्षभरात क्लायंटशी थेट बोलायला लागते, दोन नवख्यांना हाताशी घेते. तिचं वर्ष जास्त वजनाचं.

शेवटच्या वर्षाला असाल, दहावी-बारावीपासून गुण चांगले असतील आणि मॉक टेस्टमध्ये पर्सेंटाइल टिकत असेल, तर कॉलेजातूनच जा. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात फ्रेशर्स भरपूर असतात, त्यात कमीपणा काही नाही. दहावी-बारावीचे गुण कमी असतील, तर ते नोकरीने पुसले जातील या आशेवर थांबू नका. अहमदाबादसह अनेक आयआयएममध्ये ते गुण सूत्रातच बसलेले आहेत. अशा वेळी एक्सएटी, एनमॅट किंवा राज्याची एमएच-सीईटी या प्रवेश परीक्षांचे गुण धरणाऱ्या कॉलेजांकडे वळणं शहाणपणाचं. राज्याच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांमध्ये जेबीआयएमएस, सिडनहॅमचं सिमस्री अशा संस्थांच्या जागा सीईटीच्या गुणांवर मिळतात. २०० प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. हा खेळच वेगळा आहे आणि तयारीही वेगळी लागते. कॅट झाल्यावर 'जाता जाता' सीईटी देणारे इथेच मार खातात.

सहा वर्षांनी पुन्हा कॅट

टीम लीड झालेली माणसं पुन्हा कॅटचे क्लास लावतात, तेव्हा वाईट वाटतं. दोन वर्षं पगार नाही, आणि बाहेर पडताना शेजारच्या बाकावरच्या तेवीस वर्षांच्या मुलाबरोबर बऱ्याचदा त्याच रोलसाठी रांगेत. अनुभवींसाठी वेगळी लॅटरल, म्हणजे थेट वरच्या पदांची, प्लेसमेंट असते, पण सगळ्यांचं तिथे जमतं असं नाही. त्यांच्यासाठी एक वर्षाचे अभ्यासक्रम आहेत. आयआयएम अहमदाबादच्या पीजीपीएक्सला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, आयआयएम कोलकात्याच्या एमबीएईएक्सला (पूर्वीचा पीजीपीईएक्स) पाच. आयएसबीच्या (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) नेहमीच्या पीजीपीला दोन वर्षं पुरतात. इथे जीमॅट किंवा जीआरई ही आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षा चालते आणि तिचा स्कोअर पाच वर्षं ग्राह्य असतो. कॅटचा स्कोअर त्या एकाच वर्षीच्या प्रवेशाला चालतो. म्हणून वेळ हाताशी असतानाच, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात जीमॅट उरकून ठेवणारे नंतर निवांत असतात.

कागद नंतर काढू

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि हिच्याबद्दल क्लासवाले सगळ्यात कमी बोलतात.

राज्याचा प्रवर्ग आणि केंद्राचा प्रवर्ग एकच नाही. महाराष्ट्रातल्या एनटी, व्हीजे किंवा एसबीसी असलेल्या मुलाला कॅटच्या फॉर्ममध्ये तो पर्यायच दिसत नाही. त्याची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, ते बघावं लागतं, आणि असेल तर दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे चालत नाही. एसईबीसी आरक्षण राज्यापुरतं आहे, आयआयएममध्ये ते नाही. नॉन-क्रिमिलेअर ताजं लागतं, ईडब्ल्यूएसचा दाखला त्या आर्थिक वर्षाचा. वडील म्हणतात, "मागच्या वर्षी काढलाय ना, तोच लाव." तो लावला की फॉर्म स्वीकारला जातो, आणि अडचण उगवते मुलाखतीच्या वेळी, कागदपत्रांच्या टेबलावर.

राज्याच्या कॅपमध्ये याहून मोठा अडसर असतो तो जात वैधता प्रमाणपत्राचा. पडताळणी समितीकडे प्रकरण महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव वेगळं निघालं, तर विचारायलाच नको. शासन कधी मुदत वाढवून देतं, पण त्या भरवशावर बसू नका. उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा. दहावी-बारावीच्या निकालानंतर सेतूवर पाय ठेवायला जागा नसते.

शेवटच्या वर्षाच्या मुलांचा आणखी एक प्रश्न: केटी. आयआयएम तात्पुरता प्रवेश देते, पण पदवी ठरलेल्या मुदतीत पूर्ण झाल्याचं दाखवावं लागतं. पाचव्या सेमिस्टरचा एक विषय लटकलेला असताना बी-स्कूलच्या मुलाखतीची तयारी करणं म्हणजे पाया न भरता स्लॅब टाकणं.

फक्त कॅटचा फॉर्म भरून बसणं

दिल्लीचं एफएमएस, मुंबईचं एसपीजेआयएमआर आणि आयआयटी मुंबईचं शैलेश मेहता स्कूल यांचे फॉर्म कॅटच्या फॉर्मपेक्षा वेगळे असतात. पहिल्या दोघांची मुदत सहसा कॅटच्या निकालाआधीच संपते. "पर्सेंटाइल आलं की भरू" म्हणणारा बाहेरच राहतो.

परदेश किंवा आयएसबी: अर्धवट अर्ज "टाकून बघणं"

कॅटमध्ये कमी गुण मिळाले तर पुढच्या वर्षी त्याबद्दल कुणी विचारत नाही. अर्जाचं तसं नसतं. नाकारलेला अर्ज त्या स्कूलकडे राहतो, आणि पुन्हा अर्ज केलात तर मधल्या काळात काय बदललं ते अनेक ठिकाणी लिहून मागतात. काहीच बदललेलं नसेल तर पान कोरं राहतं.

अमेरिकेतल्या बहुतेक स्कूलची पहिली फेरी सप्टेंबरच्या सुमारास आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला बंद होते. पहिलीसाठी घाईत लिहिलेल्या निबंधांपेक्षा दुसरीतला नीट अर्ज केव्हाही बरा. तिसरीत मात्र भारतातून अर्ज करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. जागा आणि शिष्यवृत्त्या बऱ्याच वाटून झालेल्या असतात, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

शिफारसपत्राचा विचार लोक शेवटी करतात. नोकरी बदलून तीन महिने झालेत, नवा साहेब तुम्हाला ओळखत नाही, जुन्याशी सोडताना वाजलं होतं. मग पत्र देणार कोण? सप्टेंबरची फेरी धरणार असाल तर वर्षाच्या सुरुवातीला नोकरी बदलू नका. आणि साहेबांना अप्रेझल होऊन गेल्यावर सांगा, आधी नाही.

राजीनाम्याची घाई

आयटी कंपन्यांत नोटीस पिरियड बहुतेक ९० दिवसांचा असतो. प्रवेशाचे निकाल एप्रिल-मेमध्ये, वर्ग जूनमध्ये. त्यामुळे ऑफर हातात नसताना राजीनामा देण्याचा मोह होतो. आधी एचआरकडे बायआउटची (पैसे भरून नोटीसचे दिवस कमी करण्याची) सोय आहे का विचारा, बाँडची कलमं वाचा. राज्याच्या कॅप फेऱ्या तर खासगी कॉलेजांच्या फीच्या मुदतीनंतर बऱ्याच उशिरा संपतात. कधी ऑगस्ट, कधी सप्टेंबरही उजाडतो. तोवर जागा धरून ठेवायला दुसरीकडे पैसे भरावे लागतात. अभ्यासक्रम सुरू होण्याआधी प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त १००० रुपये कापून बाकीची फी परत द्यावी, असा एआयसीटीईचा (तंत्रशिक्षणाची केंद्रीय नियामक संस्था) नियम आहे. संस्था एआयसीटीई-मान्य आहे का ते बघा, आणि रद्द करण्याचा अर्ज ईमेलवर करून पोच जपून ठेवा.

कॅटचा फॉर्म हुकलाच असेल तर

सप्टेंबर उलटून गेला म्हणून वर्ष गेलं असं नाही. जानेवारीच्या पहिल्या रविवारी होणाऱ्या एक्सएटीचे फॉर्म त्यानंतरही चालू असतात, एनमॅट डिसेंबरपर्यंत चालते, सीईटीची नोंदणी पुढे निघते. जीमॅट वर्षभर कधीही देता येते, फक्त दोन प्रयत्नांत १६ दिवसांचं अंतर लागतं. या परीक्षांवर मिळणारं एकही कॉलेज तुम्हाला मनापासून नको असेल, तर मात्र या वर्षी फॉर्म भरू नका. कोणतीही परीक्षा न देता पुढच्या जुलैपर्यंत त्याच नोकरीत एखादं मोठं काम अंगावर घ्या आणि दाखले तेवढे काढून ठेवा.