आठवीतल्या मुलासाठी काऊंटी अकॅडमी: अर्ज भरण्याआधी काय बघायचं, भरताना काय करायचं

सप्टेंबर लागला की आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या मराठी आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गणपतीच्या फोटोंच्या मागोमाग एकच विषय सुरू होतो, अकॅडमी, म्हणजे काऊंटीची (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) एखाद्या क्षेत्राला वाहिलेली नववी ते बारावीची शाळा. नंबर लागला म्हणजे गंगेत घोडं न्हालं, असा एकंदर सूर. माझी लेक काऊंटीच्या इंजिनिअरिंग अकॅडमीतून शिकून बाहेर पडली, त्यामुळे दर वर्षी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. तेच तेच सांगून घसा बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं न्यू जर्सीपुरतं आहे. दुसऱ्या राज्यात नियम वेगळे, पण काय विचारायचं ते साधारण सारखंच.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. न्यू जर्सीत २१ काऊंटी आहेत आणि प्रत्येक काऊंटीला स्वतःचं व्होकेशनल-टेक्निकल, म्हणजे व्यवसायशिक्षणाच्या शाळांचं बोर्ड आहे. ज्या अकॅडम्यांसाठी आपण जीव टाकतो, त्या याच बोर्डाच्या. माझा भाऊ सांगलीचा, आयटीआय करून टर्नर झाला. तेव्हा नातेवाईक ‘अरेरे, सायन्सला नाही का मिळालं?’ असं विचारायचे. त्याच नातेवाइकांची मुलं इथे एडिसनला येऊन व्होकेशनल बोर्डाच्या शाळेसाठी क्लास लावतात. भावाला सांगितलं तर पोट धरून हसला.

या शाळा सरकारी आहेत, फी नाही. अर्ज करायला अट एकच, तुम्ही त्या काऊंटीत राहत असायला हवं. मिडलसेक्स काऊंटीत एडिसनला विज्ञान-गणित-इंजिनिअरिंगची अकॅडमी आहे, मिडलसेक्स कॉलेजच्या आवारात, आणि वुडब्रिजला आरोग्य आणि बायोमेडिकलची. मॉनमथमध्ये पाच आहेत: लिंक्रॉफ्टला हाय टेक्नॉलॉजी, फ्रीहोल्डला बायोटेक्नॉलॉजी, वॉलला कम्युनिकेशन्स, नेपच्यूनला अलाइड हेल्थ आणि सँडी हुकच्या टोकाला मरीन अकॅडमी. या शेवटच्या शाळेत नौदलाचं कॅडेट प्रशिक्षण सगळ्यांना सक्तीचं असतं, गणवेशासकट. मूल शिस्तीला कंटाळणारं असेल तर समुद्राचे फोटो बघून भुलू नका. बर्गनमध्ये हॅकेनसॅकला एकाच इमारतीत सात अकॅडम्या आहेत, त्यातली एक चक्क पाककला आणि हॉटेल व्यवस्थापनाची. आपल्या लोकांपैकी तिच्याबद्दल विचारणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही. युनियन काऊंटीच्या अकॅडम्या स्कॉच प्लेन्सला, हडसनची सिकॉकसला.

ही झाली पूर्ण वेळाची तऱ्हा. दुसरी तऱ्हा म्हणजे गावच्या हायस्कूलमध्येच एक छोटी अकॅडमी: तीच इमारत, पण काही मुलांचा एक गट, त्यांचे ठरलेले शिक्षक आणि एका क्षेत्राभोवती बांधलेले विषय. तिसरी शेअर्ड टाइम. अर्धा दिवस आपलं हायस्कूल, अर्धा दिवस काऊंटीची शाळा. या तिसरीकडे आपण ढुंकूनही बघत नाही. माझ्या मावसबहिणीचा मुलगा मोरिस काऊंटीत असाच ऑटो सर्व्हिस शिकला. सकाळी बसने डेन्व्हिलला जायचा, गाड्यांची ब्रेक पॅड बदलायचा, आणि दुपारी काळ्या नखांनी अमेरिकन इतिहासाच्या वर्गात बसायचा. बहीण आधी कुणाला सांगायची नाही. आता तिच्या ओळखीतले सगळे गाडी आवाज करायला लागली की त्यालाच फोन करतात, आणि ती कौतुकाने नंबर देते.

अर्जाच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. अकॅडमी कशासाठी हवी आहे? ‘चांगलं कॉलेज मिळावं म्हणून’ असं उत्तर येत असेल तर जरा थांबा. या अकॅडम्यांची कल्पना १९६९ साली फिलाडेल्फियाच्या एका हायस्कूलमध्ये सुरू झाली, वीजकामाची अकॅडमी म्हणून. हेतू हा की शाळा सोडून जाणारी मुलं टिकावीत आणि हाताला काम लागावं. पुढे १९८२मध्ये ब्रुकलिनला फायनान्सची अकॅडमी निघाली आणि तिथून हे देशभर पसरलं. एमडीआरसी या संशोधन संस्थेने नऊ हायस्कूलांतल्या अकॅडम्यांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला. प्रवेश सोडतीने दिलेला, त्यामुळे तुलना सरळ होती. २००८च्या अहवालात निघालं ते असं: हायस्कूल संपल्यावर आठ वर्षांत अकॅडमीतल्या मुलांची कमाई सरासरी ११ टक्के जास्त, मुलग्यांच्या बाबतीत फरक आणखी मोठा. पण कॉलेज पूर्ण करण्याचं प्रमाण? दोन्ही गटांत जवळपास सारखंच.

त्या अकॅडम्या गावच्या हायस्कूलमधल्या होत्या, परीक्षा घेऊन निवडणाऱ्या आपल्या काऊंटीच्या नव्हेत, हे खरं. तरी मला त्यातून जे दिसतं ते सांगते. अकॅडमीत गुण असतो तो कामाशी लवकर ओळख होण्यात. मोठी माणसं काम कशी करतात, बैठकीत कशी बोलतात, चुकलं तर कुणाला सांगतात, हे मुलाला सोळाव्या-सतराव्या वर्षी बघायला मिळतं. हे मिळत नसेल तर ती नुसती अवघड शाळा. आणि कॉलेजच्या प्रवेशाचं म्हणाल, तर एकाच वर्गात सगळी हुशार मुलं कोंबली की तुमचं मूल तिथे मधल्या रांगेत येऊ शकतं. गावच्या हायस्कूलमध्ये तेच मूल चमकलं असतं. हे मी लेकीच्या वर्गमित्रांत पाहिलं आहे.

म्हणून ओपन हाउसला, म्हणजे पालकांना शाळा दाखवतात त्या दिवशी, गेलात की मुख्याध्यापकांचं भाषण ऐका, टाळ्या वाजवा, आणि मग सरळ लॅबमध्ये जा. तिथे मुलं उभी असतात, त्यांना विचारा. आम्ही गेलो तेव्हा अकरावीतला एक मुलगा बाल्सा लाकडाच्या पुलावर वजनं टांगून दाखवत होता. पूल मोडला. मी विचारलं, मधे न मोडता कडेला का मोडला? तो खाली वाकला, तुकडे उचलले, नखाने डिंक खरवडला आणि म्हणाला, ‘सांधा घाईत चिकटवला होता. लाकूड शाबूत आहे, बघा.’ मागून शिक्षक काही बोलायला आले, तर त्याने त्यांनाही तोच तुकडा दाखवला. मी लेकीकडे बघितलं, ती आधीच त्याच्या शेजारी जाऊन उभी होती. मग दुसऱ्या एका अकॅडमीत गेलो. तिथली यंत्रं नवी कोरी, एकावरही ओरखडा नाही, आणि मुलं फक्त पोस्टर वाचून दाखवत होती. ती आम्ही यादीतून काढली.

शाळेला विचारायचे प्रश्न: बारावीत मुलं बाहेर कामाला जातात का, आठवड्यातून किती वेळ, आणि जागा शाळा शोधून देते की पालकांनी शोधायची? बर्गनमध्ये बारावीची मुलं बुधवारचा दिवस बाहेर इंटर्नशिपला घालवतात, अशी ठाशीव व्यवस्था असेल तर उत्तम. ‘पालकांच्या ओळखीतून होतं’ असं उत्तर आलं तर समजा की ते काम तुमच्या गळ्यात पडणार. कॉलेजचे क्रेडिट मिळतात का, तेही विचारा. आरोग्याच्या अकॅडम्यांत आणि कित्येक साध्या हायस्कूलांतही रटगर्स विद्यापीठाचा हेल्थ सायन्स करिअर्स कार्यक्रम चालतो. त्यात वैद्यकीय शब्दावलीसारखे विषय शिकून क्रेडिट मिळवता येतात. फक्त प्रत्येक कॉलेज ते धरेलच असं नाही, राज्याबाहेरच्या कॉलेजने नाहीच धरले तर तक्रार नको.

आता अर्ज. तारखा काऊंटीगणिक वेगळ्या, पण शरद ऋतूत अर्ज, हिवाळ्यात परीक्षा, वसंताच्या सुमारास निकाल, हा साधारण क्रम. बहुतेक ठिकाणी सातवीचे मार्क आणि आठवीच्या पहिल्या तिमाहीचे मार्क धरले जातात. म्हणजे आठवीच्या दिवाळीत जागं होऊन उपयोग नाही, सातवीचं प्रगतिपुस्तक तोवर बंद झालेलं असतं. प्रत्येक गावाला किती जागा, हेही बऱ्याच काऊंट्यांत ठरलेलं असतं, त्यामुळे तुमच्या मुलाची स्पर्धा मुख्यतः त्याच्याच शाळेतल्या मुलांशी होते. हे मुलाला सांगू नका. मैत्री नासते.

परीक्षा गणित आणि इंग्रजीची. एडिसनमध्ये आपल्या दुकानांच्या ओक ट्री रोडच्या आसपास त्यासाठी क्लासेसच्या पाट्या भरपूर. ज्याला बैजिक समीकरणं, अपूर्णांक, गुणोत्तर पक्कं येतं, त्याला घड्याळ लावून घरी सराव पुरतो, असं माझं मत. ज्याला येत नाही त्याला क्लासने परीक्षा पार होईलही, पण पुढची चार वर्षं कोण पार करणार? निबंध मुलाने स्वतः लिहावा. तेरा वर्षांच्या मुलाच्या निबंधात ‘समाजाला काही परत द्यायचं आहे’ असं आलं की वाचणाऱ्याला आईची नाहीतर बाबांची लेखणी लगेच ओळखू येते.

मुलाखत असेल तिथेही तेच. ‘इंजिनिअरिंगच का?’ या प्रश्नाला माझ्या लेकीने आमच्या गणपतीची गोष्ट सांगितली. बंद पडलेल्या मायक्रोवेव्हमधली फिरती काचेची थाळी आणि तिची मोटर काढून तिने मखरात गणपतीमागे चक्र बसवलं होतं. पण चक्र कधी उजवीकडे फिरायचं, कधी डावीकडे. दर आरतीला बटण दाबलं की नवीन दिशा, आणि सगळे बाप्पा सोडून चक्राकडे बघायचे. तिने शोधून काढलं की त्या मोटरला दिशा ठरलेलीच नसते, वीज चालू होण्याच्या क्षणी ती कुठे असेल त्यावर ठरतं. मुलाखत घेणाऱ्यांनी पुढचा सगळा वेळ तेच विचारलं. तुमच्या मुलाकडेही असं काहीतरी असणार, घरातला नळ, आजीचं बीपीचं मशीन, काहीही. ते बोलू द्या, पाठ करून घेऊ नका.

व्हिसाचं मात्र आधीच बघून ठेवा, कारण शाळेतल्या कौन्सेलरला हे बहुधा माहीत नसतं. एच-फोरवरच्या (आई-बाबांच्या एच-वन वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलाला सरकारी शाळेत, म्हणजे अकॅडमीतही, शिकता येतं. पगारी काम करता येत नाही. अकॅडमीचं सगळं आकर्षण जर पगारी इंटर्नशिपमध्ये असेल तर प्रवेशाच्या वेळीच विचारा की विनापगारी, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काही आहे का, आणि ते तुमच्या इमिग्रेशन वकिलाच्या कानावर घाला. ग्रीन कार्डाच्या शेवटच्या टप्प्यात वर्क परमिट आलं असेल तर प्रश्न मिटला. सरकारी प्रयोगशाळांचे उन्हाळी कार्यक्रम बऱ्याचदा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात, त्यामुळे मुलाला आधी स्वप्न दाखवून मग दार बंद करू नका. पगारी कामाला हरकत नसेल तर अठराच्या आतल्या मुलासाठी राज्याच्या वेबसाइटवर नोंदणी लागते. २०२३पासून हे ऑनलाइन झालं, कागद घेऊन शाळेत पळापळ नाही.

बस गावचं स्कूल बोर्ड देतं, पण ती फार लवकर येते. डिसेंबरमध्ये अंधारात मूल उभं राहणार, थर्मास तयार ठेवा. छोट्या अकॅडमीत फुटबॉलचा संघ, मोठा बँड, नाटकाचं सभागृह असेलच असं नाही. काही ठिकाणी मुलांना गावच्या हायस्कूलच्या संघात खेळता येतं, पण संध्याकाळी तिथे नेऊन सोडायचं तुम्हालाच. दोघंही नोकरी करत असाल तर हे गणित आधी मांडा.

निकाल आला आणि प्रतीक्षायादी निघाली तर घाबरू नका, उन्हाळ्यापर्यंत नावं सरकतात. दरम्यान एक गोष्ट नक्की करा. गावच्या हायस्कूलचा नववीच्या विषयनिवडीचा फॉर्म साधारण त्याच सुमारास येतो आणि ‘अकॅडमीचं कळू दे, मग भरू’ म्हणून तो फ्रिजवर चुंबकाखाली लटकत राहतो. तो वेळेत भरा. गणिताची वरची पातळी, इंजिनिअरिंगचा किंवा आरोग्याचा ऐच्छिक विषय असेल तर तो, सगळं नीट मागून घ्या. नंबर लागला तर फॉर्म रद्द होतो, त्यात कुणाचं काही जात नाही. नाही लागला आणि फॉर्म कोरा राहिला, तर ऑगस्टमध्ये उरलेल्या विषयांतून निवडावं लागतं. शेअर्ड टाइम असलेल्या काऊंटीत असाल तर अकरावीच्या आधी तोही अर्ज करता येतो. ती तारीख कौन्सेलरला आत्ताच विचारून कॅलेंडरवर टाका.