बिग मॅनचं नाव घ्यायच्या आधी: फ्रंटकोर्टच्या ट्रेडवर वाद कसा घालायचा

१ मे २०२५, महाराष्ट्र दिनाची सुट्टी, सकाळी साडेसातची मॅच. तिकडे ३० एप्रिलची रात्र. अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगचे प्लेऑफ्स (सीझननंतरच्या बाद फेऱ्या), लॉस एंजेलिसचे लेकर्स विरुद्ध मिनेसोटाचे टिंबरवुल्व्ज, पहिल्या राउंडची पाचवी मॅच. मिनेसोटाने त्या दिवशी ४७ थ्री (लांबून तीन पॉइंटचे शॉट) टाकले आणि त्यातले फक्त ७ पडले. असा आकडा आला की टीम हरतेच, पण ते १०३-९६ ने जिंकले आणि सिरीज ४-१ ने संपवून गेले, कारण त्यांचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा सगळ्यात उंच माणूस, रूडी गोबेरने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड (चुकलेल्या शॉटचे बॉल) घेतले. मी वही घेऊन बसलो होतो, त्यांचा शॉट चुकला आणि बॉल परत त्यांच्याच हातात गेला की समासात एक रेघ मारायची एवढंच काम, आणि चौथ्या क्वार्टरपर्यंत समास भरून रेघा ओळींमध्ये शिरल्या होत्या.

दुपारी आमच्या ग्रुपवर लेकर्सने कुठला बिग मॅन (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) ट्रेडने, म्हणजे दुसऱ्या टीमशी देवाणघेवाण करून, आणावा यावर नावांचा पाऊस सुरू झाला. याला आणा, त्याला आणा, तो सात फुटी आहे, तो चांगला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की नावापासून सुरुवात केली की वाद तिथेच संपतो, कारण मग आवडीनिवडी बोलतात, बास्केटबॉल नाही. टीमला नेमकं काय कमी पडतंय ते आधी एका वाक्यात लिहा आणि मगच खेळाडू शोधा.

लेकर्सचंच बघा. २ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्याकडे रविवारी सकाळी, लेकर्सचा बिग अँथनी डेव्हिस डॅलसला गेल्याची आणि बदल्यात लुका डॉन्चिच आल्याची बातमी आली. त्याच्या थोडेच दिवस आधी डेव्हिस स्वतः सांगत होता की मला सोबत अजून एक बिग हवाय, मी चार नंबरला, म्हणजे सेंटरऐवजी फॉरवर्ड म्हणून, जास्त चांगला खेळतो. म्हणजे कमतरता आधीपासून होती, आणि आता जो होता तोही गेला. प्लेऑफ्समध्ये सेंटर जॅक्सन हेज स्टार्ट करायचा पण टिकायचा नाही. चौथ्या मॅचच्या अख्ख्या दुसऱ्या हाफमध्ये कोच जेजे रेडिकने तेच पाच जण खेळवले, त्यात सेंटर एकही नाही, आणि पाचव्या मॅचला हेज कोर्टवर आलाच नाही. तर वाक्य काय झालं? "लुकाच्या पिक अँड रोलमध्ये (डिफेंडरला आडवं होऊन मग सुटायची चाल) रिंगकडे धावून लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) पकडेल आणि दुसऱ्या टोकाला रिंगसमोर उभा राहून रिबाउंड घेईल असा माणूस, जो प्लेऑफ्समध्ये तीस मिनिटं कोर्टवर राहू शकेल." यातला शेवटचा भाग लोक विसरतात, आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे. रेग्युलर सीझनला बरा दिसणारा आणि मे महिन्यात बेंचवर बसणारा बिग आणून उपयोग नाही.

असं वाक्य लिहिलं की पुरावाही सापडतो. लुका डॅलसला असताना फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी डेडलाइनला (सीझनमध्ये ट्रेड करायच्या शेवटच्या दिवशी) सेंटर डॅनियल गॅफर्ड आणि फॉरवर्ड पीजे वॉशिंग्टन आणले, सेंटर डेरेक लाइव्हली आधीपासून होता, आणि ती टीम थेट फायनलला गेली. आणलेल्या दोघांपैकी कोणीही स्टार नाही. दोघांना आपलं काम माहीत होतं.

प्रत्येक टीमला हवा तो माणूस वेगळा असतो हेही लक्षात ठेवा. डेन्व्हरकडे योकिच होता, त्यांना अजून एक सेंटर कशाला लागतोय? त्यांना हवा होता समोरच्या तगड्या फॉरवर्डला अडवणारा आणि बॉल न मागता रिंगजवळ थांबणारा कोणीतरी. मार्च २०२१ मध्ये गॅरी हॅरिस, आरजे हॅम्प्टन आणि एक फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टमध्ये, म्हणजे दरवर्षी नवे खेळाडू निवडताना, पहिल्या फेरीतली निवड) देऊन त्यांनी आरन गॉर्डनला आणलं. ऑर्लँडोमध्ये तो स्कोअरर म्हणून खेळायचा, इथे त्याने काम बदललं, आणि २०२३ मध्ये डेन्व्हर चॅम्पियन झालं. मला विचाराल तर फ्रंटकोर्टच्या, म्हणजे फॉरवर्ड आणि सेंटरच्या, ट्रेडचा सगळ्यात सुंदर नमुना हाच, कारण त्यात खेळाडूच्या पॉइंटपेक्षा तो शेजारच्याला किती मोकळं करतो ते बघितलं गेलं.

दोन बिग एकत्र खेळतील का, हा प्रश्न आला की मला वरळीचा एनएससीआय डोम आठवतो. ऑक्टोबर २०१९, एनबीएच्या मुंबईतल्या पहिल्या मॅचेस, इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज, पहिली मॅच ओव्हरटाइमला १३२-१३१ अशी पेसर्सने काढली. तेव्हा इंडियानाकडे साबोनिस आणि माइल्स टर्नर दोघंही होते आणि दोघंही मुळात सेंटर. वाद बरेच दिवस चालला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये इंडियानाने साबोनिसला पाठवलं कुठे, तर त्याच किंग्जकडे, आणि बदल्यात टायरीस हॅलिबर्टन घेतला. पुढच्याच सीझनला किंग्जचा १६ सीझनचा प्लेऑफ्सचा दुष्काळ संपला आणि इंडियाना टर्नरला एकटा सेंटर ठेवून २०२५ ची फायनल खेळली. म्हणजे "कोण जिंकलं" असं विचारणाऱ्याला सरळ उत्तर देता येत नाही, दोघांनाही हवं ते मिळालं. म्हणून बोलताना दोघं चांगले आहेत म्हणून थांबू नका, दोघं एकाच वेळी कोर्टवर असताना बाहेर कोण उभा राहणार आणि झपाट्याने धावणाऱ्या फॉरवर्डला कोण अडवणार तेही सांगा.

आता पैसे. इथे बहुतेक ट्रेड कागदावरच मरतात, म्हणून हे नीट वाचा. २०२५-२६ ला सॅलरी कॅप (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) १५.४६ कोटी डॉलर, आणि तिच्या वरच्या दोन रेषा, ज्या ओलांडल्या की नियम कडक होतात, म्हणजे पहिला एप्रन १९.५९ कोटी आणि दुसरा एप्रन २०.७८ कोटी. पहिल्या एप्रनच्या वर असलेली टीम जेवढा पगार पाठवते त्यापेक्षा एक डॉलरही जास्त घेऊ शकत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर गेलात तर दोन-तीन मधल्या पगारांच्या खेळाडूंची मोळी बांधून एक मोठा खेळाडू आणायची सोयच बंद. त्यामुळे "हे तिघं देऊ आणि तो एक घेऊ" असं कोणी म्हटलं की पहिला प्रश्न हा, की आपण कुठल्या रेषेच्या वर आहोत. अजून एक, उन्हाळ्यात साइन केलेले बहुतेक खेळाडू १५ डिसेंबरपर्यंत ट्रेड होत नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरमधल्या बऱ्याच आयडिया तिथेच गळतात.

पिक्सचंही तसंच. स्टेपियन नियम म्हणतो की पुढच्या लागोपाठ दोन वर्षांच्या फर्स्ट राउंड पिकशिवाय राहता येत नाही, आणि दुसऱ्या एका नियमाने सात वर्षांच्या पलीकडचं पिक देता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लेकर्सचं २०२७ चं पिक वरच्या चारांचं संरक्षण ठेवून (पहिल्या चारांत आलं तर जाणार नाही असं) युटाकडे गेलेलं, २०२९ चं लुकासाठी डॅलसला, त्यामुळे मधलं २०२८ अडकलं आणि २०३० चंही, कारण त्याच्या शेजारचं २०२९ गेलेलं. मोकळं उरलं फक्त २०३१. तेव्हा सेंटर मार्क विल्यम्ससाठी शार्लटला जे देऊ केलं ते बघा: डाल्टन कनेक्ट, कॅम रेडिश, २०३१ चं पिक आणि २०३० च्या पिकची अदलाबदल. उगाच अशी रचना नव्हती, नियमाने दुसरं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. हे कळलं की "अजून दोन पिक टाका ना" म्हणणाऱ्याला शांतपणे उत्तर देता येतं.

मग समोरच्या टीमच्या खुर्चीत बसा. हे मनापासून करा. आपल्याला नको असलेले तिघं त्यांना का हवे असतील? २०२२ च्या जुलैत युटाने गोबेर मिनेसोटाला दिला तेव्हा त्यांना सगळं नव्याने उभं करायचं होतं, म्हणून त्यांनी चार फर्स्ट राउंड पिक, एका पिकची अदलाबदल आणि पाच खेळाडू घेतले, त्यात नुकताच ड्राफ्ट झालेला वॉकर केसलरही होता. तुमच्या प्रपोजलमध्ये समोरच्याचा फायदा दोन वाक्यात सांगता येत नसेल तर ते प्रपोजल नाही, ती इच्छा आहे. इच्छा असायला हरकत नाही, फक्त तसं सांगून बोला.

आणि तब्येत. मार्क विल्यम्सची ट्रेड जाहीर झाली तेव्हा आम्ही सगळे खूश, त्याचे लॉब डंक पुन्हापुन्हा बघितले, आणि ८ फेब्रुवारीला लेकर्सने मेडिकलच्या कारणावरून ती रद्द केली. २०२३-२४ ला तो फक्त १९ मॅच खेळला होता, हा आकडा सगळ्यांना दिसत होता पण त्या आनंदात कोणी बोललं नाही. मोठ्या माणसांच्या पाठीवर, पायांवर, गुडघ्यांवर भार जास्त येतो, म्हणून बिग मॅनच्या बाबतीत गेल्या तीन सीझनला किती मॅच खेळला हे पॉइंट आणि रिबाउंडच्याही आधी लिहायचं. शेवटी लेकर्सला सेंटर मिळाला तो ट्रेडने नाहीच, पोर्टलंडने डिअँड्रे एटनचा करार पैसे देऊन सोडवला आणि जुलै २०२५ मध्ये तो थेट साइन झाला. म्हणून बायआउटचा रस्ताही यादीत ठेवा, तिथे पिक जात नाही.

निकाल देताना घाई करू नका, पण गप्पही बसू नका. गोबेरची ट्रेड झाली तेव्हा मिनेसोटाने स्वतःला विकून टाकलं असं सगळीकडे बोललं गेलं, आणि पहिल्या वर्षी ४२ विजय आणि ४० पराभव पाहून ते खरंही वाटलं. मग २०२४ आणि २०२५, लागोपाठ दोन वर्षं कॉन्फरन्स फायनल (फायनलच्या आधीची फेरी), आणि मधे गोबेरला चौथं डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर (सर्वोत्तम बचावाचा पुरस्कार). उलट बाजूने २००८ मध्ये लेकर्सने मेम्फिसकडून आणलेला पाउ गॅसोल घ्या. मेम्फिसला लुटलं म्हणून ओरड झाली, लेकर्सने २००९ आणि २०१० ची टायटल्स घेतली हे खरंच, पण त्या ट्रेडमध्ये त्याच्या भावाचे, मार्कचे हक्क मेम्फिसला गेले होते आणि २०१३ ला डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर तोच झाला. आम्ही ग्रुपवर आता प्रत्येकाचं मत तारखेसकट पिन करतो आणि एक वर्षाने उघडतो, त्यामुळे कोणी शब्द फिरवत नाही आणि जो बरोबर होता त्याला श्रेय मिळतं.

डेडलाइन फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते, साधारण गुरुवारी दुपारी तीन वाजता तिकडच्या ईस्टर्न वेळेने, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी मध्यरात्रीनंतर दीड, शुक्रवार लागल्यावर. गुरुवारी संध्याकाळीच तुमचं ते एक वाक्य, एप्रनची रेषा आणि मोकळी पिक्स एका कागदावर लिहून ठेवा, कारण रात्री एकला नावं धडाधड यायला लागली की हे शोधायला वेळ मिळत नाही. आणि ट्रेड झाली तरी मेडिकल पास झाल्याची बातमी येईपर्यंत नव्या जर्सीची ऑर्डर टाकू नका.